जन्माची अट मोडणारी परीक्षा : अभियंत्यांच्या प्रवेश परीक्षेची कूळकथा

१/ कूलोम, कार्नो, कोरिओलिस ही नावे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटतात. जेईई-सीईटीची तयारी करणारे विद्यार्थी त्यांची सूत्रे पाठ करतात. हे तिघेही स्वतः अभियंते होते आणि प्रवेश परीक्षा देऊनच शिक्षणाच्या दारातून आत आले होते. ते दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद राहिले, त्याचा हा इतिहास.

२/ फ्रान्समध्ये मेझिएर येथे १७४८ साली लष्करी अभियंत्यांची शाळा स्थापन झाली. प्रवेशासाठी गणिताची परीक्षा होती. पण त्या परीक्षेला बसण्यासाठी आधी प्रतिष्ठित कुळाचा दाखला लागे. कूलोम १७६० साली येथे दाखल झाला. पुढे त्याने मार्टिनिक बेटावर किल्ला बांधला, आणि १७८५ साली तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने विद्युतप्रभारांमधील बल मोजले. अंतर दुप्पट झाले की बल चौथाई होते, हा तो नियम.

३/ त्याच शाळेत गास्पार मोंज हा फेरीवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा नकाशे काढण्याच्या कामावर होता. विद्यार्थी म्हणून त्याला प्रवेश नव्हता. शत्रूच्या माऱ्यापासून सुरक्षित राहील असा किल्ल्याचा आराखडा करण्याचे काम त्याच्याकडे आले. प्रचलित पद्धतीत त्यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ते भूमितीने इतक्या लवकर सोडवले की अधिकारी उत्तर तपासायलाच तयार होईना.

४/ उत्तर बरोबर निघाले. ती पद्धत लष्करी गुपित ठरली आणि मोंजला ती १७९५पर्यंत उघडपणे शिकवता आली नाही. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला वस्तूचे समोरून आणि वरून दिसणारे दृश्य काढतात, त्यामागचे शास्त्र हेच.

५/ त्या काळी ‘गाइड’ही होते. गणितज्ञ बेझू हा नौदलाचा आणि नंतर तोफखान्याचा परीक्षक होता. अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकेही त्यानेच लिहिली. परीक्षकाचेच पुस्तक म्हटल्यावर उमेदवार दुसरे कशाला वाचतील? तोफखान्याच्या १७८५च्या परीक्षेत नेपोलियन बोनापार्ट ५८ जणांत ४२वा आला. त्या वेळी परीक्षक होता लाप्लास.

६/ राज्यक्रांतीनंतर १७९४ साली पॅरिसमध्ये नवी शाळा निघाली. वर्षभरात तिला एकोल पॉलिटेक्निक हे नाव मिळाले. मोंज तिच्या संस्थापकांपैकी एक होता. प्रवेश परीक्षा देशातील अनेक शहरांत घेण्यात आली. अंकगणित, बीजगणित, भूमिती हे विषय होते. कुळाचा दाखला मागितला गेला नाही. उलट, निवडलेल्या विद्यार्थ्यांना वेतन मिळू लागले. ज्याला दाराबाहेर ठेवले होते, त्यानेच हे दार बांधले.

७/ या दाराने काय दिले? सादी कार्नो १८१२ साली, १६ वर्षांचा असताना आत आला. १८२४ साली त्याने दाखवले की आदर्श उष्णता इंजिनाची कार्यक्षमता वाफेवर किंवा हवेवर अवलंबून नसते. ती ठरते उष्ण आणि थंड अशा दोन टोकांच्या तापमानांवर. १८०८च्या तुकडीतील कोरिओलिसने १८२९च्या ग्रंथात ‘कार्य’ ही संज्ञा पक्की केली. गतिज ऊर्जेच्या सूत्रातील ‘अर्धा’ रूढ होण्याचे श्रेयही त्याच ग्रंथाला जाते.

८/ मात्र समतेचे हे वारे फार काळ टिकले नाही. नेपोलियनने १८०४ साली शाळेला लष्करी शिस्त लावली आणि पुढच्याच वर्षी शुल्क सुरू झाले. जन्माचा दाखला गेला होता, त्याच्या जागी पैशाची अट आली. मोंजने आपले निवृत्तिवेतन गरीब विद्यार्थ्यांसाठी दिल्याचे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे.

९/ परीक्षेच्या मापालाही मर्यादा होती. एव्हारिस्त गाल्वा १८२८ साली विशेष गणिताचा तयारीवर्ग न करताच परीक्षेला बसला आणि नापास झाला. १८२९च्या जुलैत त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही आठवड्यांतच तो पुन्हा फळ्यासमोर तोंडी परीक्षेला उभा राहिला आणि पुन्हा नाकारला गेला. संतापून त्याने परीक्षकावर फडके फेकले, ही दंतकथा. नापास होणे मात्र खरे.

१०/ गाल्वा १८३२ साली द्वंद्वयुद्धात मारला गेला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्याची टिपणे १८४६ साली लिउव्हिलने प्रसिद्ध केली आणि आधुनिक बीजगणिताला नवी दिशा मिळाली. लिउव्हिल हा त्याच एकोल पॉलिटेक्निकचा विद्यार्थी होता.

११/ सोफी जर्मेनला तर नापास होण्याचीही संधी नव्हती. स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तिने व्याख्यानांच्या वह्या मिळवल्या आणि ‘ल ब्लाँ’ या पुरुषी नावाने लाग्रांजकडे आपले लेखन पाठवले. कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या गणितासाठी १८१६ साली तिला विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले.

१२/ एकोल पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा स्त्रियांसाठी खुली व्हायला १९७२ साल उजाडले. त्या वर्षी सात मुली उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत पहिले नाव होते आन शोपिने, त्या सातांपैकीच एक.