दोष कार्बनचा नव्हे

शिरूर-दौंड पट्ट्यात कार्बनच्या रोड बाइकविषयी एक मत पक्के रुजले आहे: ही सायकल आपल्या रस्त्यांची नाही. हा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. कार्बन ठिसूळ, एका खड्ड्यात तडकेल. दौंडच्या उन्हाळ्यात त्यातले तंतू बांधून ठेवणारी राळ मऊ पडेल. तडा गेला की फ्रेम भंगारात जाईल. लोखंडी फ्रेम गावातला वेल्डर तरी जोडून देतो. शिवाय शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर घाट नाही. मग हलकेपणापायी लाखाच्या वर रुपये कशाला घालवायचे?

पहिला आक्षेप ठिसूळपणाचा. फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत पन्नासहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जावे लागते, आणि ही शर्यत आज कार्बनच्या फ्रेमवरच जिंकली जाते. दणक्यांनी कार्बन मोडत असता, तर हे घडले असते काय? त्याला वावडे आहे ते एकाच जागी बसणाऱ्या घावाचे आणि बोल्ट बेताल आवळण्याचे. सीटपोस्टजवळ छापलेला ‘5 एनएम’ (न्यूटन-मीटर) हा आवळण्याच्या मर्यादेचा आकडा न पाहता ॲलन की पिळली, की नळीला बारीक चीर जाते. ती पुढे कधीतरी उघडी पडते आणि खापर फुटते खड्ड्यावर. खड्ड्याचा मार आधी झेलतात टायर आणि रिम. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर 23 मिमीचा टायर टणक फुगवून नेला, तर ॲल्युमिनियमची रिमही वाकेल. फ्रेममध्ये मावत असेल तर 28 किंवा 32 मिमीचा टायर घालावा, हवा थोडी कमी ठेवावी. निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरा उन्हाचा. फ्रेममधली इपॉक्सी राळ मऊ पडायला साधारणपणे शंभर अंशांच्या वरचे तापमान लागते. मे महिन्यातले ऊन तिथवर पोहोचत नाही. उष्णतेने कार्बन खरोखर बिघडतो तो लांब उतारावर, रिम ब्रेक सतत दाबून धरल्याने तापलेल्या कार्बन रिममध्ये. पण आपल्या रस्त्याला घाट नाही, हे प्रतिपक्षानेच सांगितले आहे. त्याच्याच साक्षीने हा आक्षेप निकालात निघतो.

तिसरा दुरुस्तीचा. दुखावलेले तंतू घासून काढून नव्या कार्बन कापडाचे थर इपॉक्सीत बसवता येतात. हे काम गावात होत नाही, हे मान्य. पण ॲल्युमिनियमची फ्रेम तरी गावात नीट जुळते काय? वेल्डिंगच्या उष्णतेने तिचे मूळ बळ घटते. म्हणजे हा युक्तिवाद फक्त लोखंडापुरता उरतो.

चौथा हलकेपणाचा. सपाटीवर किलोभर वजनाने फारसे बिघडत नाही, हे खरे. पण ताशी 30 किलोमीटर वेगाला बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. पारगावला भीमा ओलांडताना समोरून वारा आला, की हे पायांना कळते. कार्बन साच्यात घडतो, म्हणून नळीला हवा तो आकार देता येतो. पेडलपाशी ताठपणा आणि सीटखाली लवचीकपणा एकाच फ्रेममध्ये साधता येतो. पैसे मोजायचे ते या घडणीसाठी.

अर्थात, दुधाच्या किटल्या वाहायला लोखंडच हवे. पडल्यावर कार्बनची फ्रेम जाणत्याकडून तपासून घ्यावीच लागते. ही पथ्ये आहेत, अपात्रतेचे पुरावे नव्हेत. आपले रस्ते वाईट आहेत, ही तक्रार रास्त आहे. ती रस्ते बांधणाऱ्यांच्या दारी न्यावी. सायकलीला शिक्षा कशाची? निवाडा वाचकांनीच करावा.