शेणखत व पशुआहार

जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅश यांचा मोठा भाग शेण-मूत्रातून बाहेर पडतो. म्हणून शेणखताचा कस मुळात गव्हाणीतच ठरतो. निव्वळ भाताच्या पेंढ्यावर पोसलेल्या जनावराचे शेण घट्ट, तंतुमय व नायट्रोजनाने कमी असते. ते कुजायला वेळ लागतो. सरकी पेंड, चुणी, लसूणघास अशा प्रथिनयुक्त खाद्याने नायट्रोजन वाढतो. मात्र जादा नायट्रोजन मुख्यतः मूत्रात युरियाच्या रूपाने जातो आणि अमोनिया होऊन उडतो. पोटॅशही बहुतांशी मूत्रातच असते. फॉस्फरस शेणात राहतो.

अशा प्रथिनयुक्त खुराकाचे मुंबई उपनगरातील ठळक उदाहरण म्हणजे गोरेगावची आरे दुग्ध वसाहत (स्थापना १९४९). तबेल्यांतील दुभत्या म्हशींना हिरव्या पॅरा गवताबरोबर पेंड व चुणीचा खुराक दिला जातो. त्यामुळे शेण पातळ पण कसदार होते. गोठा पाण्याने धुतला की मूत्रातील द्रव्ये वाहून जातात. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणपणे ०.५% नायट्रोजन, ०.२% फॉस्फरिक अम्ल व ०.५% पोटॅश असते. खुराकाचा लाभ जमिनीला मिळण्यासाठी गोठ्यात पेंढा अंथरून मूत्र शोषून घेणे आणि खत झाकलेल्या खड्ड्यात कुजवणे आवश्यक आहे.