वेब सर्व्हरच्या भार-चाचणी साधनांचा इतिहास : मापनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

प्रस्तावना :

डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी 1909 साली कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असताना दूरध्वनीच्या वर्दळीचे गणित मांडले. त्यामागील गृहीतक साधे होते. प्रत्येक ग्राहक स्वतंत्रपणे दूरध्वनी करतो. केंद्रावर किती ताण आहे याचा विचार करून तो थांबत नाही. सुमारे नऊ दशकांनंतर वेब सर्व्हरची क्षमता मोजणारी साधने निर्माण झाली, तेव्हा अनेक प्रचलित साधनांत या गृहीतकाचा विसर पडलेला दिसतो. या विसराचे परिणाम कोणते झाले आणि तो कसा दूर होत गेला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभीची साधने :

अपाचे सर्व्हरसोबत मिळणारे 'एबी' हे 1996 च्या सुमाराचे साधन. स्तेफानो माझ्झोकी यांनी अपाचे जेसर्व्हच्या चाचणीसाठी लिहिलेले 'जेमीटर' 1998 मध्ये उपलब्ध झाले. दोन्ही साधने मुक्तस्रोत असल्याने त्यांचा प्रसार मोठा झाला. दोहोंची मूळ कार्यपद्धती एकच होती. ठरावीक संख्येचे कृत्रिम वापरकर्ते विनंती पाठवितात, उत्तर येईपर्यंत थांबतात आणि त्यानंतरच पुढील विनंती पाठवितात. यास 'बंदिस्त प्रतिमान' म्हणतात. सर्व्हर मंदावला की चाचणीही मंदावते. परीक्षार्थी थकला म्हणून परीक्षकाने प्रश्न विचारणे थांबवावे, तसा हा प्रकार होय.

उणिवेची जाणीव :

राइस विद्यापीठातील गौरव बंगा व पीटर ड्रुशेल यांनी 1997 मध्येच दाखवून दिले, की अशा पद्धतीने सर्व्हरवर त्याच्या क्षमतेपलीकडील भार टाकताच येत नाही. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील डेव्हिड मोसबर्गर व ताई जिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या 'एचटीटीपर्फ' या साधनात विनंत्यांचा दर सर्व्हरच्या प्रतिसादावर अवलंबून ठेवला नव्हता. पुढे 2006 मध्ये बियांका श्रोडर, ॲडम वायरमन व मोर हार्चोल-बाल्टर यांनी मुक्त व बंदिस्त प्रतिमानांची तुलना केली. सारख्याच भाराखाली दोहोंतील प्रतिसादकाळात प्रचंड तफावत पडू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

गिल टेने यांनी या दोषाची आणखी एक बाजू उघड केली. समजा, 100 सेकंदांच्या चाचणीत दर सेकंदाला 10 याप्रमाणे 1000 विनंत्या अपेक्षित आहेत आणि मध्येच सर्व्हर 10 सेकंद ठप्प झाला. एकाच जोडणीवरून उत्तराची वाट पाहणारे साधन सुमारे 900 जलद प्रतिसाद व एकच विलंबित प्रतिसाद नोंदवील. वास्तवात मात्र त्या काळात येणाऱ्या 100 विनंत्यांना, म्हणजे दहापैकी एका विनंतीला, विलंबाची झळ पोहोचली असती. उरलेल्या 99 विनंत्या पाठविल्याच गेल्या नाहीत. म्हणून अहवालातही त्या दिसत नाहीत.

प्रत्यक्ष अनुभव :

अमेरिकेतील आरोग्य विम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू होताच कोलमडले. एकाच वेळी 50 ते 60 हजार वापरकर्ते येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ही संख्या अडीच लाखांपर्यंत गेल्याचे शासनाचे तंत्रज्ञान अधिकारी टॉड पार्क यांनी सांगितले. संपूर्ण प्रणालीची एकत्रित चाचणी केवळ शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, अशी साक्ष कंत्राटदारांनी संसदीय समितीपुढे दिली. भारतात 28 एप्रिल 2021 रोजी 18 वर्षांवरील नागरिकांसाठी 'कोविन'वर लसनोंदणी खुली झाली, तेव्हा प्रारंभी दर मिनिटाला 27 लाख विनंत्या आल्याचे शासनाने जाहीर केले. असा समुदाय सर्व्हरच्या सवडीने येत नाही.

निष्कर्ष :

जेमीटरमध्ये मुक्त प्रतिमानाचा स्वतंत्र पर्याय 2022 च्या 5.5 या आवृत्तीत, तोही प्रायोगिक स्वरूपात आला. यावरून संशोधनातील निष्कर्ष नित्य वापरातील साधनांपर्यंत पोहोचण्यास किती अवधी लागतो, हे स्पष्ट होते. प्रवेशप्रक्रिया वा निकालासाठी संगणकप्रणाली स्वीकारणाऱ्या संस्थांनी चाचणी-अहवालातील सरासरीवर विसंबून राहणे म्हणूनच पुरेसे नाही. चाचणीतील वापरकर्ता उत्तरासाठी थांबत होता काय, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारणे अगत्याचे ठरते.