‘अलाऊ’ दाबण्यापूर्वी : फसवी संकेतस्थळे, नकोशा सूचना आणि अ‍ॅडवेअर यांचा बंदोबस्त

तामिळनाडूच्या तंजावूर जिल्ह्यातील पापनाशम हे तालुक्याचे गाव कुंभकोणम आणि तंजावूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर व लोहमार्गावर वसले आहे. येथील रामलिंगस्वामी मंदिर १०८ शिवलिंगांसाठी प्रसिद्ध आहे. सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहण्यासाठी तंजावूरला गेलेले मराठी प्रवासी कुंभकोणमकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. याच नावाचे दुसरे तीर्थस्थान तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठी आहे. तिसरे ‘पापनाशम’ म्हणजे जुलै २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला कमल हासन यांचा चित्रपट. मल्याळम ‘दृश्यम’ची ती तमिळ आवृत्ती. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेली हिंदी आवृत्ती त्याच महिन्यात आल्याने मराठी प्रेक्षकांनाही तिचे कथानक परिचित आहे.

मोबाइलवर असा एखादा शब्द शोधणाऱ्याच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : दर्शन, मुक्काम किंवा चित्रपट. फसव्या संकेतस्थळांच्या चालकांना नेमके असेच शब्द हवे असतात. शोधणाऱ्याला अधिकृत पत्ता ठाऊक नसतो, घाई असते आणि समोर येणाऱ्या पहिल्या दुव्यावर विश्वास ठेवण्याची तयारी असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंसाठी स्वतंत्र इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रेकरूंची निवासव्यवस्था, सोमनाथचे अतिथिगृह यांच्या नावे बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील पाने आणि शोधयंत्रांवरील जाहिराती यांद्वारे पैसे उकळले जात असल्याचे त्यात नमूद होते. तामिळनाडूतील बहुसंख्य मोठी मंदिरे राज्याच्या हिंदू धर्मादाय विभागाच्या अखत्यारीत असून त्यांच्या सेवांसाठी विभागाचे शासकीय संकेतस्थळ आहे. त्याच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो.

शेवट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यातील पहिला तिरपा दंड येईपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मधे ‘टेंपल’, ‘गव्ह’, ‘ऑफिशियल’ असे शब्द कोणीही घालू शकतो. परंतु ‘गव्ह डॉट इन’ने संपणारे नाव केवळ शासकीय यंत्रणांनाच मिळते. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने असाच मार्ग अवलंबिला असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’वर स्थलांतर करण्याची मुदत बँकांना दिली होती. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह मात्र सचोटीचे प्रमाणपत्र नाही. संकेतस्थळ आणि ब्राउझर यांमधील मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेली व्यक्ती लबाड असली, तरी कुलूप दिसतेच.

पैशांची थेट लूट करणाऱ्या बनावट आरक्षण संकेतस्थळांहून वेगळा, परंतु कितीतरी अधिक घरांत पोहोचलेला उपद्रव म्हणजे ब्राउझरमधून येणाऱ्या सूचनांचा. चोरीचे चित्रपट ‘मोफत’ दाखवणारी संकेतस्थळे हा त्याचा राजमार्ग. चित्रपट सुरू करण्याच्या बाणावर बोट टेकवताच दुसरेच पान उघडते आणि ‘आपण रोबोट नसल्याचे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ अथवा ‘व्हिडिओ पाहण्यासाठी अलाऊ दाबा’ असा मजकूर दिसतो. वस्तुतः अलाऊ या बटणाचा माणूस ओळखण्याशी काहीही संबंध नाही. त्या संकेतस्थळाला केव्हाही सूचना पाठवण्याचा परवाना त्या एका स्पर्शाने दिला जातो.

ही सोय मुळात सद्हेतूने आली. गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये २०१५ साली आणि फायरफॉक्समध्ये जानेवारी २०१६ मध्ये ती उपलब्ध झाली. वृत्तसंस्थांना ताजी बातमी, दुकानांना मालाची खबर, टपाल सेवांना मेलचे आगमन कळवता यावे, हा उद्देश होता. परवानगी मिळताच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये एक छोटी पार्श्वभूमी-आज्ञावली ठेवते. पुढील संदेश ब्राउझर निर्मात्याच्या संदेशवहन यंत्रणेमार्फत उपकरणापर्यंत येतात. त्यामुळे पान बंद केले, संगणक पुन्हा सुरू केला, तरी सूचना येतच राहतात. मोबाइलवर त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या किंवा बँकेच्या संदेशांच्या रांगेत बसतात, संगणकावर पडद्याच्या कोपऱ्यात खुद्द विंडोजचाच इशारा असल्याच्या थाटात उमटतात. ‘पाच विषाणू आढळले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ ही त्यांतील नेहमीची वाक्ये. सोबत एखाद्या नामांकित कंपनीचे बोधचिन्हही असते.

अनेक कुटुंबांत यानंतर एक निष्फळ धावपळ होते. अँटिव्हायरसने तपासणी केली जाते, काही सापडत नाही, दुसरा अँटिव्हायरस टाकला जातो, तोही काही दाखवत नाही. दाखवणार कसा? उपकरणात विषाणू शिरलेलाच नसतो. वापरकर्त्याने दिलेली परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोंदलेली असते आणि ती तेथूनच काढावी लागते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात याच कारणासाठी सर्व माहिती पुसून फोन कोरा करून घेण्याची खरोखर गरज नसते.

अँड्रॉइडवर आलेल्या सूचनेवर बोट दाबून धरल्यास ती कोणत्या संकेतस्थळाकडून आली, हे दिसते आणि तेथेच ती बंद करता येते. सर्व परवाने एकत्र पाहायचे असल्यास क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांमधून ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ या क्रमाने जावे. संगणकावर ‘साइट सेटिंग्ज’ हा भाग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या शीर्षकाखाली सापडतो. तेथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते आणि अनोळखी नावे त्यातून काढून टाकता येतात. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागातील ‘परमिशन्स’खाली अशीच यादी असून, यापुढे कोणत्याही नव्या संकेतस्थळाने विचारूच नये, असा पर्यायही आहे. तो निवडल्याने सर्वसामान्य वापरकर्त्याचे फारसे काही अडत नाही. आयफोनवर हा त्रास तुलनेने कमी दिसतो, कारण तेथे मार्च २०२३ पासून संकेतस्थळांना सूचनांची मुभा मिळाली ती केवळ होम स्क्रीनवर मुद्दाम जोडलेल्या संकेतस्थळांपुरती. मात्र आयफोनच्या कॅलेंडरमध्ये घुसणारी ‘विषाणू सापडला’ अशी निमंत्रणे हा त्याच जातीचा प्रकार असून ते अनोळखी कॅलेंडर सदस्यत्व रद्द करणे हा त्यावरील इलाज आहे.

ब्राउझर निर्मात्यांना या दोषाची जाणीव उशिराच झाली. फायरफॉक्सची निर्माती मोझिला हिने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत परवानगीच्या विचारणांपैकी तीन टक्केही स्वीकारल्या जात नसल्याचे आढळले. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्सने पान उघडताच होणारी विचारणा दडपली. क्रोमने त्याच वर्षी विचारणेचे सौम्य रूप आणले आणि फसवणूक करणाऱ्या संकेतस्थळांच्या विचारणा रोखण्यास आरंभ केला. सूचनांपैकी एक टक्क्याहूनही कमी सूचनांना वापरकर्ते प्रतिसाद देतात, असे सांगत दीर्घकाळ न वापरलेल्या संकेतस्थळांचा परवाना आपोआप काढून घेण्याचे गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. ज्या सुविधेकडे नव्याण्णव टक्के वेळा दुर्लक्ष होते, ती एक दशक खुली राहिली, याचे समर्थन करणे अवघड आहे.

अ‍ॅडवेअरची गोष्ट निराळी. येथे उपकरणात खरोखरच एखादी आज्ञावली बसलेली असते आणि जाहिराती दाखवून किंवा शोध भलतीकडे वळवून ती कमाई करते. ती नेहमी चोरवाटेनेच येते असेही नाही. लेनोवो कंपनीने २०१४ च्या उत्तरार्धात विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाची जाहिरात-आज्ञावली कारखान्यातूनच बसवलेली होती. ती कूटबद्ध संकेतस्थळांवरील मजकुरातही हस्तक्षेप करू शकत असल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’चा अहवाल प्रसिद्ध केला. ब्राउझरचे मुखपृष्ठ आणि शोधयंत्र बदलणाऱ्या या आज्ञावलीने जगभर २५ कोटी संगणक बाधित केल्याचा व त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक भारतात असल्याचा तिचा दावा होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले होते. सुरक्षा कंपन्यांचे आकडे जपूनच वाचावेत, हे यावरून दिसते. त्याच कंपनीने जुलै २०१९ मध्ये ‘एजंट स्मिथ’ची माहिती दिली. फोनमधील खऱ्या अ‍ॅपच्या जागी जाहिराती दाखवणारी बनावट आवृत्ती बसवणाऱ्या या आज्ञावलीने सुमारे अडीच कोटी अँड्रॉइड फोन ग्रासले होते आणि त्यांपैकी सुमारे दीड कोटी भारतातील होते. तिचा प्रसार प्ले स्टोअरबाहेरील अ‍ॅप दुकानातून झाला होता.

कोणतेही अ‍ॅप उघडलेले नसताना पडदाभर जाहिरात येत असेल, तर तिला हात न लावता ‘अलीकडील अ‍ॅप’ दाखवणारे बटण दाबावे. जाहिरात कोणत्या अ‍ॅपची आहे, हे बहुधा तेथे कळते. अशी अ‍ॅप आपले चिन्ह लपवतात, म्हणून ती सेटिंग्जमधील संपूर्ण यादीत शोधावी लागतात. ‘इतर अ‍ॅपवर दिसण्याची’ मुभा कोणाकोणाला आहे, तेही पाहावे. फोनमधील टॉर्च, होकायंत्र किंवा स्वच्छता करणाऱ्या अ‍ॅपला ही मुभा असण्याचे कारण नाही. अ‍ॅप काढता येत नसल्यास फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा, डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या यादीतून ते वगळावे आणि नंतर काढावे. संगणकावर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स तपासावीत. प्रामाणिक एक्स्टेन्शनही कायम प्रामाणिक राहते असे नाही. २० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेले ‘द ग्रेट सस्पेंडर’ नव्या मालकाकडे गेल्यानंतर त्यात घातक भाग असल्याचे कारण देत गुगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद केले.

अलीकडे ‘रोबोट नाही’ या जुन्या बहाण्याला अधिक घातक वळण मिळाले आहे. काही पाने विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबण्यास, नंतर ‘पेस्ट’ करण्यास व ‘एंटर’ दाबण्यास सांगतात. पानाने तोपर्यंत क्लिपबोर्डवर गुपचूप एक आज्ञा ठेवलेली असते आणि वापरकर्ता ती स्वतःच्याच हाताने चालवतो. त्यातून पासवर्ड चोरणारी आज्ञावली उतरते. कोणतीही खरी पडताळणी अशा कळा दाबायला लावत नाही.

पडदा व्यापून कर्कश आवाजात ‘संगणक लॉक झाला आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असे सांगणारे पान हा या साखळीतील सर्वांत महागडा टप्पा. संगणक लॉक झालेला नसतो. ‘एस्केप’ कळ काही क्षण दाबून धरल्यास किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केल्यास ते नाहीसे होते. क्रमांकापलीकडे मात्र खरी माणसे बसलेली असतात. केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशात ७६ ठिकाणी छापे घातले. मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदवलेली तांत्रिक साहाय्याच्या नावाखालील फसवणुकीची प्रकरणेही त्यात होती.

कायद्याच्या बाजूने पाहता, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून कमी चर्चिलेली तरतूद ग्राहक संरक्षणाची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकारच्या दिशाभुलींना मनाई आहे. विषाणूची खोटी भीती घालून बनावट उपाय विकणे हा त्यांतील एक प्रकार, तर ‘नाही’ म्हणण्याचा पर्याय न देता सूचना सुरू करण्यासाठी तगादा लावणे हेही ‘नॅगिंग’चे उदाहरण म्हणून त्यात नोंदलेले आहे. प्रत्यक्षात परदेशात नोंदलेल्या, आठवड्याला नाव बदलणाऱ्या संकेतस्थळावर ही तत्त्वे लागू करणे कठीण जाते.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढील खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. पैसे गेले नसतील, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित संकेतस्थळाची नोंद करता येते. ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर उपकरणाच्या सफाईची साधने विनामूल्य आहेत. त्यांत पुण्याच्या क्विक हील आणि मुंबईच्या ई-स्कॅन या कंपन्यांच्या साधनांचा समावेश आहे. तक्रारीपूर्वी पानाचा पूर्ण पत्ता, दिनांक व वेळ दिसेल असे पडद्याचे छायाचित्र आणि व्यवहार झाला असल्यास त्याचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. ब्राउझरचा इतिहास पुसण्याची घाई करू नये, कारण पत्ता बहुधा तेथेच उरलेला असतो.