पडद्यावरील बुरखाधारी वीर

अन्यायाविरुद्ध लढणारा मनुष्य आपलें तोंड कां झांकतो? प्रश्न बालिश वाटेल. पण मूकपटाच्या काळापासून आपल्या चित्रपटांत घोड्यावरून दौडत येणाऱ्या बुरखाधारी वीराचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो.

हा वीर मूळचा परदेशी. जॉन्स्टन मकली या अमेरिकन लेखकाची झोरोची कथा १९१९ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षीं डग्लस फेअरबँक्स यानें ती पडद्यावर आणली. दिवसा आळशी, नाजूक, कुचकामाचा दिसणारा श्रीमंत तरुण रात्रीं काळा बुरखा चढवून जुलमी अधिकाऱ्यांना तलवारीचें पाणी दाखवितो, एवढेंच तिचें कथानक. परंतु आपल्या प्रेक्षकाला तें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. विराटाच्या अंतःपुरांत नृत्य शिकविणारी बृहन्नडा वेळ येतांच शमीवृक्षावरचें गांडीव उतरविते, ही कथा त्यानें कीर्तनांत कितीदां तरी ऐकलेली होती. गांवोगांव फिरणारा बहुरूपीही त्याच्या ओळखीचा होता. फरक इतकाच कीं, पांडवांनीं वेष पालटला तो कोणीं ओळखूं नये म्हणून. झोरो बुरखा घालतो तो मात्र त्या बुरख्यानेंच ओळखलें जावें म्हणून. माणूस लपतो आणि त्याची खूण प्रगट होते.

मुंबईंत या जातीच्या चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणूं लागले. त्यांचा पहिला मोठा नायक मराठी होता. मास्टर विठ्ठल हे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झाले व पुढें मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांतून तलवारबाजीसाठीं गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचे फेअरबँक्स म्हणत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, त्याचेही नायक तेच. त्यासाठीं शारदा कंपनीचा करार मोडल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनीं मांडली. पडद्यावर तलवारीनें न्याय मिळविणाऱ्या वीराला प्रत्यक्षांत वकील लागला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पण बुरख्याला खरी कीर्ति दिली ती एका स्त्रीनें. १९३५ सालीं वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ हा बोलपट आला. दिग्दर्शक होमी वाडिया. नायिका नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियांत जन्मलेली आणि सर्कशींत काम केलेली मेरी इव्हान्स. दुष्ट वजीर राजाला कैद करतो. राजकन्या माधुरी बुरखा व चाबूक घेऊन घराबाहेर पडते, धनिकांना लुटते व गरिबांना देते. स्त्रीनें पुरुषांना चाबकानें फोडून काढावें, हें लोकांना रुचेल कीं नाहीं याची चित्रपटाच्या धंद्यांतल्या मंडळींना धास्ती होती. लोकांनीं ती खोटी ठरविली. चित्रपट महिनेच्या महिने चालला.

लोकांना त्यांत काय दिसलें असेल? राज्य बळकावणाऱ्याच्याच हातीं जेव्हां न्यायासन असतें, तेव्हां न्याय करणाराला कायदा डाकू ठरवितो. ही गोष्ट पारतंत्र्यांतल्या प्रजेला समजावून सांगावी लागत नव्हती. मात्र स्टंटपटानें एक खबरदारी घेतली. त्याचा रोष वजीरावर असे, सिंहासनावर नसे; शेवटीं राजा सुटला कीं सर्व आलबेल. त्यामुळें असल्या चित्रपटांना सेन्सॉरची वाट सोपी झाली. याउलट प्रभात कंपनीनें १९३० सालीं शिवचरित्रावर ‘स्वराज्याचें तोरण’ हा मूकपट काढला, तेव्हां ‘स्वराज्य’ या शब्दावरच हरकत आली. व्ही. शांताराम यांनीं त्यांत स्वतः शिवाजीमहाराजांची भूमिका केली होती. अखेर चित्रपट ‘उदयकाल’ या नांवानें लोकांपुढें आला. येथें नायकाला बुरखा नव्हता. तो चित्रपटाच्या नांवालाच घालावा लागला!

आतां मुंबईहून दूर, खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळच्या जाफराबाद या तटबंदीच्या जुन्या गांवाकडे वळूं. आज तें जालना जिल्ह्यांत आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत १९२९ सालीं ‘गश्ती निशाण ५३’ हें फर्मान निघालें आणि सरकारी परवानगीवांचून सार्वजनिक सभा भरविणें अशक्य झालें. जेथें चार माणसांना उघड बोलतां येत नाहीं, तेथें बुरखाधारी वीराचें आकर्षण वाटावें हें स्वाभाविकच.

तथापि याच मुलखानें दुसराही मार्ग दाखविला. १९३७ सालीं आजच्याच जालना जिल्ह्यांतील परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षीं स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि २४ ऑक्टोबर १९३८ रोजीं पहिल्या तुकडीनें सत्याग्रह केला. त्या तुकडीचे नेतेही गोविंदराव नानलच. सत्याग्रही आपलें नांव आधीं जाहीर करतो, ठरल्या वेळीं ठरल्या जागीं येतो आणि उघड्या तोंडानें पकडला जातो. झोरोच्या पद्धतीचें हें अगदीं दुसरें टोक होय.

म्हणून गुप्ततेला कमी लेखावें असें मी म्हणत नाहीं. १९४७-४८ सालीं सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढणाऱ्यांना लपावेंच लागलें. आपल्या इतिहासांत बहिर्जी नाईकांचें वेषांतर हें पराक्रमांतच गणलें जातें. परंतु बुरखाधारी वीराच्या कथेंत एक उणीव राहतेच. एकटा लढतो आणि बाकीची प्रजा पाहत राहते. तो आला नाहीं तर काय, याला त्या कथेपाशीं उत्तर नाहीं. परतूरला जमलेल्या माणसांपाशीं तें होतें.

तरीही या चित्रपटांना मी पोरखेळ म्हणणार नाहीं. जुलूम हा दैवाचा भोग नसून माणसाची करणी आहे आणि माणसाला ती मोडतां येते, एवढी गोष्ट त्यांनीं लाखों निरक्षरांपर्यंत पोहोंचविली. आणि त्या कथांतही शेवटीं एक प्रसंग ठरलेला असे: शत्रु पडतो आणि वीर आपल्या हातानें बुरखा काढतो. तोंड झांकावें लागणें ही काळाची अडचण. तें उघडतां येणें हाच खरा विजय.