गुणाकाराचे चित्र : धूळपाटीपासून पडद्यापर्यंत



नाकाडोंगरीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. संकलन केंद्रावर पानांचे पुडे ओळीने मांडलेले तुम्ही पाहिले असतीलच. एका पुड्यात ७० पाने आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, हा हिशेब येथील मजुराला पाठ असतो. ओळीने मांडलेले पुडे एकेक करून मोजावे लागत नाहीत. एका ओळीत किती आणि ओळी किती, एवढे पाहिले की आकडा हाती येतो. हाच गुणाकार होय, आणि तो डोळ्यांनी केलेला असतो. परंतु त्याच मजुराच्या घरातील मूल 'सात पाचे पस्तीस' घडाघडा म्हणते आणि 'पस्तीसच का?' असे विचारताच गप्प होते. पाढा तोंडात आहे, पण त्याचे चित्र डोळ्यांसमोर नाही. हे चित्र जगात कसे घडत गेले, याचा इतिहास आपण सर्वांनी जाणून घेण्यासारखा आहे.

आपल्या देशात अंकगणिताला पूर्वी 'पाटीगणित' म्हणत आणि आकडेमोडीला 'धूलिकर्म' म्हणत. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे आणि काम झाले की पुसून टाकायचे. शून्यासह दहा चिन्हांची ही भारतीय पद्धत पश्चिमेकडे गेली. बगदादचे थोर गणिती अल्-ख्वारिझ्मी यांनी नवव्या शतकात तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले व युरोपला हे अंकगणित कळले. अरबी भाषेतही या गणिताला 'गुबार'चे, म्हणजे धुळीचे, गणित असे नाव पडले. नावासकट विद्या प्रवास करते, ती अशी!

परंतु धुळीवरच्या आकडेमोडीत एक उणीव होती. पुढची पायरी लिहिताना मागची पुसली जाई. उत्तर उरे, पण ते कसे आले ते दिसेनासे होई. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने धूळपाटीऐवजी शाई आणि कागदावर करावयाच्या रीती सांगितल्या. कागदावर सर्व पायऱ्या शिल्लक राहू लागल्या, त्यामुळे चूक कोठे झाली हे शोधता येऊ लागले.

याच वाटेवर जाळीच्या गुणाकाराची रीत दिसू लागते. मोरोक्कोतील मराकेश शहराचे इब्न अल्-बन्ना (१२५६–१३२१) यांच्या ग्रंथात ती सापडते. इटलीत ट्रेव्हिजो येथे १४७८ साली छापलेल्या अंकगणितात ती आहे. तेथे तिला खिडकीच्या जाळीवरून नाव पडले. आपण तिला जाफरी म्हणू. आणि अभिमानाची गोष्ट अशी की, कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर १५४५ साली जी टीका लिहिली, तिच्यातही ही रीत दिलेली आहे. 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी यांनी १५८७ साली त्याचा फारसी अनुवाद केला. गणिताने धर्म, भाषा किंवा मुलूख यांच्या भिंती कधी मानल्या नाहीत, हे यावरून दिसून येईल.

विद्यार्थी मित्रांनो, आता पाटी घ्या आणि २३ गुणिले १४ करून पाहा. एक चौकट काढून तिचे चार खण करा. वर २ आणि ३ लिहा, उजव्या बाजूला १ आणि ४ लिहा. प्रत्येक खणात वरच्या व बाजूच्या आकड्यांचा गुणाकार लिहा. पहिल्या ओळीत २ आणि ३ येतील, दुसऱ्या ओळीत ८ आणि १२. आता प्रत्येक आकड्याची जागा ओळखा. २३ म्हणजे २० आणि ३, तर १४ म्हणजे १० आणि ४. म्हणून खणातील २ हे खरे तर २००, ३ हे ३०, ८ हे ८० आणि १२ हे १२ च. बेरीज करा : ३२२. जुन्या रीतीत प्रत्येक खण तिरप्या रेघेने दुभागून तिरप्या बेरजा घेत, त्या याच कारणासाठी.

हेच शेतात पाहा. आपला भंडारा जिल्हा भाताचा. बांधीत १४ ओळी आणि प्रत्येक ओळीत २३ रोपे लावली, तर रोपे ३२२. बांधीत १० ओळींनंतर आडवी आणि २० रोपांनंतर उभी काठी ठेवून तिचे चार तुकडे केले, तर तेच चार खण दिसतील. बांधाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन पाहिले, तर ओळी २३ आणि रोपे १४ होतील, पण एकूण संख्या बदलणार नाही. जो नियम मूल पुस्तकातून पाठ करते, तो येथे त्याला चालत जाऊन पाहता येतो.

याचा अर्थ पाढे टाकून द्यावेत असा मुळीच नाही. पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असणारी जुनी माणसे बाजारात फसत नसत. पाठांतराने वेग येतो, चित्राने समज येते. मुलाला दोन्ही हवेत. आपल्या मुलांना तर चित्राची गरज अधिक आहे. घरी ती 'पहाडा' ऐकतात, 'दो दूनी चार' म्हणतात. शाळेत 'पाढा' येतो आणि 'बे दुणे चार' म्हणावे लागते. शब्द बदलताच मूल गोंधळते, आणि त्याला गणित येत नाही असा समज होतो. खड्यांच्या ओळी मात्र कोणत्याही भाषेत सारख्याच असतात.

साधने महाग असावी लागतात, हाही एक गैरसमज आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला गरीब व आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरी पद्धतीची खर्चिक साधने बाजूला ठेवून त्यांनी खडे, शिंपले, बिया अशा परिसरातील वस्तूंनी मुलांना शिकविले.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षण मोबाईलवर आले. त्याच वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली. आज पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी सरकतात, चौकोन फिरतो, त्याचे रंगीत तुकडे होतात. हे साधन चांगलेच आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु पडदा ही शेवटी नवी धूळपाटी आहे. चित्र आले आणि पुसले गेले, तर मुलाजवळ काहीच राहत नाही. म्हणून पडद्यावर पाहिलेले चित्र मुलाने वहीत काढावे, खड्यांनी मांडावे आणि आपल्या शब्दांत सांगावे. ज्या घरात एकच मोबाईल आहे, तेथे तो मुलाच्या हाती आणि मुलगी रिकामी, असे होता कामा नये.

माता-भगिनींनो, तुम्हाला वाचता येत नसेल तरी संकोच करू नका. पाच वाट्या मांडा, प्रत्येकीत चार-चार चिंचोके ठेवा आणि मुलाला विचारा, 'एकूण किती? कसे कळले?' यातील दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. उत्तर पाठ करता येते. 'कसे कळले' हे समजल्याशिवाय सांगता येत नाही. बगदाद, मराकेश आणि कोकणातील विद्वानांनी ज्या चित्रावर मेहनत घेतली, ते तुमच्या अंगणात चिंचोक्यांनी मांडता येते. रोज दहा मिनिटे त्यासाठी काढा, एवढीच कळकळीची विनंती.