नाकाचे माप आणि अर्जातला रकाना

छोटा नागपुरात उपविभागीय अधिकारी असताना माझ्यासमोर एका तरुणाचा जमातीच्या प्रमाणपत्रासाठीचा अर्ज आला. त्याच्या आजोबांच्या खतियानात, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारख्या नोंदीत, जमातीचे जे नाव होते ते अनुसूचीत नव्हते. मी अर्ज फेटाळला. निर्णय नियमाला धरूनच होता. महाराष्ट्रातील हलबा-कोष्टी प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बजावले आहे की, राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचावी. समानार्थी नावे जोडून तिचा विस्तार करता येणार नाही. पुढे काही महिन्यांनी एका जुन्या ग्रंथालयात हर्बर्ट रिस्ले यांच्या ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल’ (1891) या ग्रंथाचा खंड हाती लागला. त्या तरुणाच्या खतियानातील नाव तेथे अनुसूचित जमातीचेच दुसरे नाव म्हणून छापलेले होते.

रिस्ले हे एका अर्थाने माझ्याच नोकरीतले पूर्वज. 1873 साली ते सनदी अधिकारी म्हणून बंगालमध्ये आले आणि हंटर यांच्या सांख्यिकी सर्वेक्षणासाठी त्यांनी छोटा नागपुरात काम केले. राज्यकर्त्यांची गरज साधी होती: ज्यांच्यावर राज्य करायचे ते लोक कोण, किती आणि कोणाच्या वरचे वा खालचे, हे कागदावर हवे होते. समाज मात्र असा कागदावर बसत नव्हता. एकच माणूस गावात एका नावाने, बाजारात दुसऱ्या नावाने आणि सोयरिकीच्या वेळी तिसऱ्याच नावाने ओळखला जाई. रिस्ले यांनी यावर युरोपातील मानवमितीचा तोडगा काढला. कवट्या आणि नाके मोजण्यात आली, आणि जातीची सामाजिक पायरी नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. आज तो हास्यास्पद वाटतो; त्या काळी ते शास्त्र होते.

1901 च्या जनगणनेचे आयुक्त या नात्याने त्यांनी जातींची मांडणी सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने करविली. परिणाम तत्काळ दिसला. 1911 च्या जनगणनेच्या वेळी बंगालमध्ये आपल्या जातीला वरचे स्थान वा नवे नाव मिळावे म्हणून आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले, असे तेथील अधीक्षक ओमॅली यांनी नोंदविले आहे. मोजण्यासाठी आखलेला तक्ता मोजल्या जाणाऱ्यांना घडवू लागला होता. जातिसभा निघाल्या, वंशावळी छापल्या गेल्या. जात इंग्रजांनी निर्माण केली असे म्हणणे मला पटत नाही. तिचे चटके त्यापूर्वीही तितकेच खरे होते. पण प्रांताप्रांतांत निरनिराळी असलेली, काहीशी सैल उतरंड एका अखिल भारतीय यादीत गोठली, ती या काळात.

याला उत्तर देणाऱ्यांत आपली माणसे आघाडीवर होती, हे परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांना सांगावेसे वाटते. 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात डॉ. आंबेडकरांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या तपासल्या आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे प्रतिपादले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून परतून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. 1932 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिस्ले यांचेच आकडे पुन्हा मांडून दाखविले की, हिंदुस्थानी प्रदेशाबाहेर नाक आणि पायरी यांचा मेळ बसत नाही. हेच आकडे 1948 साली आंबेडकरांनी अस्पृश्यतेमागे वंशभेद असल्याचे मत खोडण्यासाठी वापरले.

येथे मात्र मी थबकतो. घुर्ये यांनी निष्कर्ष मर्यादित केला, परंतु मोजपट्टी टाकून दिली नाही. उत्तरेपुरता तो वांशिक संबंध त्यांनी मान्यच केला. महात्मा फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेल्या आर्यांची कल्पना उचलली, ती युरोपीय विद्येतूनच, पण तिचे टोक त्यांनी ब्राह्मणी वर्चस्वाकडे वळविले. परक्याच्या विद्येचे ओझे आणि तिचे हत्यार एकाच वेळी हाती घेण्याची ही रीत आपल्या समाजचिंतनाला तेव्हा लागली, आणि ती अजून सुटलेली नाही. सुटावी असेही मला नेहमी वाटत नाही. ज्या यादीने माणसांना पायऱ्यांवर बसविले, त्याच यादीच्या आधारे आज वंचितांना शाळेत जागा मिळते. तिकडे महाराष्ट्रात ‘धनगर’ की ‘धनगड’ या एका अक्षराचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या नोंदीत ‘धनगड’च्या शेजारी उभे असलेले ओरांव माझ्या कचेरीत रोज येत असत.

1931 नंतर सर्व जातींची आकडेवारी जनगणनेत प्रसिद्ध झालेली नाही. आगामी जनगणनेत ही नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 साली जाहीर केला. मी त्याच्या बाजूचा आहे; विषमता मोजल्याशिवाय ती नाकारणे फार सोपे जाते. तरीही प्रपत्र पाहिले की तो अर्ज आठवतो. त्या तरुणाने जमातीच्या रकान्यात तिरक्या रेघा ओढून तीन नावे लिहिली होती. आमच्या बडा बाबूंनी दोन खोडायला सांगितली. कोणती दोन खोडायची हे त्याने मला विचारले, आणि मी त्याला अनुसूचीची प्रत वाचायला दिली.